हिरवा भाडेकरू

'त्याचा रंग कोळशासारखा काळाकुट्ट होता, पण मन मात्र दुधासारखं होतं.'

हे वाक्य माझंच. कथेच्या पहिल्या खर्ड्यातलं, पहिल्याच पानावरचं. ते लिहून मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकायला उठले होते, हेही सांगून टाकते. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पोरांच्या निबंधांत लाल रेघा ओढल्या, आणि स्वतःच्या वाक्यातला तो 'पण' काय करून बसलाय हे मला दिसलं नाही.

कथा एका दिवाळी अंकासाठी होती. 2024 चा मे महिना, संपादकांना जूनअखेर मजकूर हवा होता. विषय बरीच वर्षं डोक्यात होता. आमचं घर पहाडसिंगपुऱ्यात, विद्यापीठापासून चालत जाण्यासारखं. वरच्या दोन खोल्या आम्ही विद्यार्थ्यांना देतो. 2018 च्या जूनपासून 2020 च्या मार्चपर्यंत तिथे सुदानचा एक मुलगा राहिला. एम.एस्सी., केमिस्ट्री. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लॉकडाऊन लागायच्या आठवडाभर आधी तो पुण्याला मित्राकडे गेला, तिथून पुढे कुठे कुठे फिरून आता कैरोत आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याने लिहू नको म्हटलंय.

कथा अशी बेतली होती: एक विधवा घरमालकीण, आफ्रिकेतल्या मुलाला खोली द्यायला नाखूश. नाइलाजाने देते. पुढे ती आजारी पडते, सख्खा मुलगा अमेरिकेत, हा परका मुलगा रात्रंदिवस सेवा करतो. शेवटी तो देशी जायला निघतो, ती त्याला पुरणपोळीचा डबा देते, त्याच्या डोळ्यांत पाणी. समाप्त. वाचून आमच्या यांचेही डोळे भरले होते. आता वाटतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्याला फोन केला तो एका फुटकळ गोष्टीसाठी. कथेत ईद होती, आणि त्यांच्याकडे त्या दिवशी गोड काय करतात ते मला हवं होतं. त्याने सांगितलं, बिस्किटं. घरोघरी करतात, वरून पिठीसाखर. मग म्हणाला, "कायकू पूछ रहे आंटी? कहानी लिखे क्या? सुनाओ ना."

आता त्याला मराठी वाचता येत नाही. म्हणून ठरलं की मी व्हिडिओ कॉलवर एकेक वाक्य हिंदीत सांगत जायचं. पहिल्या संध्याकाळी वही उघडली, चष्मा लावला आणि सुरू केलं, "उसका रंग…" पुढे जीभच हलेना. समोर तो बसलेला. मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले, हातात चहाचा ग्लास.

"उसका रंग क्या, आंटी?"

"काला था," मी म्हटलं.

"हौ. फिर?"

कोळसा मी गिळला. पुढचं अर्धं पानही गिळलं. त्या रात्री पेन्सिल घेऊन बसले आणि जी जी वाक्यं त्याच्या तोंडावर म्हणता आली नव्हती त्यांच्यापुढे फुल्या मारल्या. सतरा निघाल्या. अंधारात फक्त दात चमकणं, तारेच्या घासणीसारखे केस, जाड ओठांतलं निरागस हसू, 'आफ्रिकेच्या जंगलातून आलेला हा जीव'. हे जंगल कुठून आलं देव जाणे, बावीस महिने तो मला नाईल आणि बसस्टँडच्याच गोष्टी सांगत होता. यातलं एकही वाक्य मी वाईट बुद्धीने लिहिलेलं नव्हतं. सगळी प्रेमाने लिहिलेली होती.

केसांचंच घ्या. घासणी लिहिताना मला जे आठवायला हवं होतं ते आठवलं नाही. आल्यावर पहिल्या महिन्यात तो चौकातल्या सलूनमध्ये गेला, तिथल्या माणसाने कंगवा घालून पाहिला, कात्री धरून पाहिली, आणि शेवटी शेजारच्या दुकानदाराला बोलावून दोघं मिळून डोकं बघत उभे राहिले. पैसे न देता तो उठून आला, गुलमंडीवरून मशीन विकत आणली, आणि पुढे इथे राहिला तोवर दर दुसऱ्या रविवारी आमच्या गच्चीवर आरसा मांडून स्वतःचे केस स्वतः कापले. मागची बाजू दिसायची नाही. ती कापायला वरच्या मजल्यावरचा नांदेडचा पोरगा, आणि ते कापताना दोघांची भांडणं. हे सगळं मी रोज बघितलेलं, आणि कागदावर काय उतरलं, तर घासणी.

कोळसा काढल्यावर तिथे काय ठेवायचं? मला वाटलं, सापडलं. आमच्याकडे गावाची वस्ती ती 'पांढरी' आणि शेतशिवार ती 'काळी'. काळी आई म्हणतो आपण. विठ्ठल काळा. मग मी लिहिलं, 'पहिल्या पावसाने भिजलेल्या काळ्या रानासारखा त्याचा रंग.' मी लातूर जिल्ह्यातली, औशाकडची; भिजल्या रानाचा वास मला नुसत्या शब्दाने येतो. यापेक्षा मोठा मान काय द्यायचा एखाद्याला?

हे वाक्य मात्र मी ताठ मानेने त्याला हिंदीत सांगितलं.

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "जमीन? मैं?" आणि हसायला लागला. "वो लेडी का रंग कायके जैसा है?"

घरमालकिणीचा रंग मी लिहिलाच नव्हता. कथेतल्या कुणाचाच लिहिला नव्हता. एकट्या त्यालाच रंग होता. बाकीच्यांना नावं होती, गुडघेदुखी होती, मुलीच्या लग्नाची काळजी होती.

पण जमिनीवरून जे निघालं ते मोठं होतं. "काली जमीन तो मेरे बाप की है," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. जुना, धूसर. फोटोत भेगाळलेलं काळं रान, भेगा एवढ्या की लहान पोराचा पाय अडकावा. मी आमच्या यांना दाखवला तर म्हणाले, परभणीकडचं दिसतंय, कुणाचं? त्याचं गाव निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधल्या पट्ट्यात आहे. अरबीत त्या भागाला जझिरा म्हणतात, म्हणजे बेट. आपला जंजिरा त्याच शब्दाचा. इंग्रजांनी तिथे सेन्नारला धरण बांधून 1925 मध्ये कालव्याचं पाणी सोडलं, ते कापसासाठी. त्याच्या आजोबांनी कापूस केला, वडिलांनी कापूस केला, त्याने आणि भावंडांनी सुट्टीत वेचला. काळी चिकणमाती, उन्हाळ्यात फाटते, पावसात पाय ओढून घेते, तीच आपली कपाशीची जमीन. मी बावीस महिने त्या मुलाला जिन्याने वर-खाली जाताना बघितलं, भाडं घेतलं, पाण्यावरून बोलले, आणि तो कापूसवाल्याचा मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांचाही कापूसच होता. मी कधी विचारलंच नाही.

त्या दिवशी रान त्याच्या कातडीवरून उचललं आणि त्याच्या बापाच्या नावावर केलं. कथेत आता एक प्रसंग आहे: तो एस.टी.ने जालन्याकडे जातोय, खिडकीतून फाटलेलं रान बघतो आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारतो, भाव काय मिळाला यंदा. पुढे दोन पानं दोघं फक्त कापसावर बोलतात. माझ्या मते कथेतली ती सगळ्यात बरी पानं आहेत.

रंगाचं मात्र तिथे संपत नाही. माझी आई, तेव्हा ऐंशीची, 2019 च्या जानेवारीत आमच्याकडे राहायला होती. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आमच्या लातूरकडचा शेतातला सण, नुकतीच येऊन गेली होती, तर मोठ्या गाडग्यात आंबील भरून घेऊन आली होती. हा खाली पाण्याची बादली न्यायला आला. आमच्या शहरात नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. वर टाकी रिकामी झाली की खालच्या हौदातून न्यावं लागायचं. आईने त्याला बघितलं आणि मोठ्याने मला म्हणाली, "आगं, एवढं काळं कसं गं हे लेकरू?"

मी पटकन त्याला म्हटलं, "आई पूछ रही, कैसे हो."

"नक्को आंटी," तो म्हणाला, "इत्ता मराठी समझता मेरेकू." मग बादली खाली ठेवून आईसमोर बसला आणि सांगितलं की आमच्याकडे मला कुणी काळा म्हणत नाही. मी तिकडे हिरवा.

मी आईला मराठीत सांगितलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पण ते खरं आहे. सुदानच्या बोलीत माणसाच्या रंगाला वेगळेच शब्द आहेत: खूप काळा तो 'अझरग', म्हणजे निळा; त्याहून उजळ तो 'अखदर', हिरवा; आणखी उजळ रंगांना पिवळा, लाल. निळा म्हटलेलं कुणाला आवडत नाही, आणि कुणाच्या घरात मुलगी द्यायची हे पुष्कळदा त्या रंगांवरही ठरतं, हेही त्याने सांगितलं.

"हिरवा?" आई म्हणाली. "मंग मी कोन?"

त्याने तिचा हात हातात घेऊन उलटसुलट केला, स्वतःच्या मनगटाशी लावून बघितला. "आप भी हरे."

आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग थांबली आणि मला म्हणाली, "त्याला सांग, मला काळी म्हनून सहा जागी नाकारलं. सातवा तुझा बाप." हे मला माहीत होतं, पण तिने परक्या माणसाला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे तो आंबील प्यायला. म्हणाला, हा वास घरचा आहे. आमच्याकडे ज्वारीचं पीठ असंच रात्रभर आंबवून तव्यावर कागदासारखं पातळ पसरतात, ताडाच्या पानाच्या तुकड्याने, त्याला किसरा म्हणतात. ज्वारीला त्यांच्यात 'दुरा' म्हणतात. मुळात ज्वारी आफ्रिकेतलीच, तिच्या शेतीचे फार जुने पुरावे सुदानच्या पूर्वेकडे सापडलेत. आपली भाकरी त्यांच्याच दाण्याची. आईने विचारलं, म्हणजे धिरडं का? तो म्हणाला, धिरड्याहून पातळ, आणि आंटीची भाकरी फार जाड असते.

हा प्रसंग पहिल्या खर्ड्यात नव्हता. मी जाणूनबुजून गाळला होता, कारण आई त्यात बरी दिसत नाही. 'एवढं काळं कसं' हे वाक्य छापायची मला लाज वाटली. पुरणपोळी घातली ती तिच्या जागी. पुरणपोळी त्याला मुळीच आवडायची नाही. जेवणात गोड कशाला, म्हणायचा. चहात मात्र चार चमचे साखर.

नावाचं थोडक्यात सांगते. मी पात्राचं नाव ठेवलं होतं 'अब्दुल'. त्याने विचारलं, अब्दुल कुणाचा? मला कळेना. म्हणाला, अब्दुल म्हणजे 'चा सेवक'. कुणाचा ते पुढे आलं नाही तर नाव अर्धंच. आपण कुणाला नुसतं 'दास' म्हणून हाक मारावी तसं. मग मी 'इद्रिस ओसमान' केलं आणि घरमालकीण त्याला 'ओसमानसाहेब' म्हणू लागली. पुन्हा हसू. सुदानी माणसाला आडनाव नसतं. आपलं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं. ओसमानसाहेब म्हणजे त्याच्या बापाला हाक. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर 'रमेश विठ्ठल' असायचा, त्याला आम्ही 'विठ्ठलराव' म्हटलं असतं का? एवढं साधं. शेवटी नुसता इद्रिस राहिला.

भाषेची चूक जास्त गमतीची, आणि जास्त लाजिरवाणी. कथेतला अब्दुल बोलायचा, "हम आपका बहोत आभारी होता." पिक्चरमधल्या विदेशी माणसासारखं. प्रत्यक्षात आमच्या भाडेकरूचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार होतं, अरबी तर त्याची आईची भाषा, आणि हिंदी तो शिकला ती रोशनगेटच्या मित्रांकडून आणि आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून. म्हणजे अस्सल औरंगाबादी दख्खनी. 'कायकू', 'नक्को', 'मेरेकू', 'हौला' म्हणजे येडा. रिक्षावाल्याशी भाव करताना पाठमोरा उभा असला तर कळलं नसतं की हा इथला नाही. मी हे रोज ऐकत होते, आणि कागदावर त्याला तोतरं करून ठेवलं. तोतरा असला की गोड वाटतो ना वाचकाला.

आता मलिक अंबर. आमच्या शहरात बसून आफ्रिकेतल्या माणसावर कथा लिहायची आणि मलिक अंबर आणायचा नाही, हे मला जमणार नव्हतं. शहरच त्याचं. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादवरून दख्खनेत आलेला, इथे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतलेला. तो चंगेजखानही मूळचा हबशी गुलाम. 1610 मध्ये याच अंबरने खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं. नहर त्याची, भडकल दरवाजा त्याचा. म्हणून मी लिहिलं की अब्दुल भडकल दरवाज्यापाशी उभा राहतो, दगडाला हात लावतो आणि त्याला वाटतं, हे आपल्या पूर्वजाचं शहर.

हे ऐकून तो खरंच वैतागला. तेवढा एकदाच. "आंटी, वो हबशी था. मैं सुदानी हूं. तुम श्रीलंका के राजा की कबर पे रोते क्या?" मग म्हणाला, दरवाज्यातून मी रोज जायचो, मला एवढंच वाटायचं की ट्रॅफिक कधी सुटेल.

आणि 'हबशी' या शब्दावर तो अडला तेही नीट ऐकण्यासारखं होतं. गल्लीतली पोरं त्याच्या मागे 'हबशी, हबशी' ओरडायची हे मला माहीत होतं. त्याला ते लागायचं, हेही माहीत होतं. पण का लागायचं ते मी धरलं तसं नव्हतं. सुदानमध्ये हबशी म्हणजे इथिओपियाचा माणूस. तिकडून पुष्कळजण खार्तूमला कामाला येतात, बायका रस्त्यावर चहा विकतात, घरकाम करतात. "हमारे घर में काम करते थे हबशी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तीच कड होती जी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या आवाजात त्याच्याबद्दल बोलताना असायची. बोलून झाल्यावर त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने विषय बदलला. मी बदलू दिला. पण कथेत घातलं. इद्रिसला पोरं हबशी म्हणतात तेव्हा तो मनात म्हणतो, निदान देश तरी बरोबर ओळखा. घालू का, असं विचारलं तेव्हा तो दोन दिवस गप्प राहिला. मग आवाजी निरोप आला, "डालो. सच है."

मलिक अंबरचा उताराही सगळा गेला नाही. एक गोष्ट राहिली. जहांगीराच्या दरबारी चित्रकाराने काढलेलं एक चित्र आहे: बादशहा गोलावर उभा आहे, आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही. 1626 मध्ये म्हातारा होऊन मेला, खुलताबादला त्याची कबर आहे. आत्मचरित्रात बादशहा त्याला काळतोंड्या म्हणतो. माझ्या कथेत आता इद्रिसचा मित्र त्याला मोबाइलवर हे चित्र दाखवतो, आणि इद्रिस एवढंच विचारतो, डोकं हातात नसताना चित्रकाराने चेहरा कुणाचा काढला?

दुसरा वाचक मी स्वतः शोधला. माझ्याबरोबर शाळेत असलेले एक सर, नागसेनवनात शिकलेले, बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या मिलिंद कॉलेजचे. त्यांनी खर्डा एका बैठकीत वाचला आणि वही मिटून ठेवली. "ताई, यात सुधारते ती बाई. तो काय करतो? येतो, तिचे पाय चेपतो, जातो."

मी म्हटलं, सर, मी त्याला किती चांगला दाखवलाय.

"तेच तर," ते म्हणाले. "आमच्यावरही अशा कथा होत्या. सहानुभूतीच्या. त्यात आमचा माणूस एकतर मरायचा नाहीतर उपकार मानायचा. भांडायचा कधी नाही." मग ते त्यांच्या तरुणपणाकडे गेले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघायचं. लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांवर मराठीत पुस्तक लिहिलं, ते वसतिगृहात हातोहात फिरलं. "आम्ही ते का वाचत होतो? त्यांचं दुःख बघायला नाही. ते बोलतात कसे, ते बघायला. तुमचा अब्दुल बोलतच नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या आडनावाच्या बाईने नागसेनवनातल्या माणसाकडून हे ऐकायचं म्हणजे राग यायचाच, आणि आला तो तिथूनच आला होता. तीन दिवस वहीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी वही उघडली आणि कथेतल्या आजारपणाची सगळी पानं फाडली. घरमालकीण आता आजारी पडतच नाही. चांगली ठणठणीत आहे.

मग भांडायचं कशावरून, हा प्रश्न आला. तो मी त्यालाच विचारला: तू चिडला होतास का कधी आमच्यावर?

"सच बोलूं?"

"बोल."

"किराया लिखे क्या आंटी? कहानी में?"

नव्हतं लिहिलं. कथेतली घरमालकीण दिलदार होती. खऱ्या घरमालकिणीने, म्हणजे मी, नांदेडच्या पोराकडून साडेचार हजार घेतले आणि त्याच मापाच्या खोलीचे त्याच्याकडून सहा हजार. कारण सांगितलं होतं की परदेशी माणूस ठेवला की पोलिसांकडे सी फॉर्म भरावा लागतो, कटकट असते. तो फॉर्म तेव्हा 24 तासांच्या आत भरायचा असायचा हे खरं, पण तो ऑनलाइन. कोपऱ्यावरच्या इंटरनेटवाल्याने पन्नास रुपये घेऊन दहा मिनिटांत भरून दिला होता. एकदाच. दीड हजार मात्र दर महिन्याला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यातच. नांदेडवाला बोल्या ना."

आणि बावीस महिने तो आमच्याकडे चहा प्यायला, आईचा हात हातात घेतला, माझी भाकरी जाड म्हणाला. मी त्याला 'निरागस' लिहिलं होतं. तो निरागस नव्हता, हिशेब ठेवून होता. दुसरी खोली शोधायला गेलो तर तीन ठिकाणी दारातूनच परत पाठवलं, म्हणून राहिलो, असंही त्याने सांगितलं, आवाज न चढवता.

कथा तिथून नव्याने लिहिली. पंचवीस पानांची अठरा झाली. आता ती भाड्यापासून सुरू होते. इद्रिसला पहिल्या महिन्यात कळतं की आपल्याकडून जास्त घेतात, आणि तो काय करायचं ते ठरवत राहतो. मधे पाण्याचे दिवस, गच्चीवरचे केस, एस.टी.तला कापूस, म्हातारीचा हिरवा हात. भांडण होतं ते शेवटून दुसऱ्या पानावर, आणि त्यात इद्रिस फार चांगलं बोलत नाही. म्हातारीलाही बोलतो, जिचा काही दोष नाही. मला ते काढावंसं वाटत होतं. ठेवलं. लढाई घातली नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये खार्तूमला सुरू झालेली लढाई त्या डिसेंबरात त्याच्या भागात वद मदनी शहरापर्यंत आली, त्याच्या घरच्यांना शेत सोडून जावं लागलं. पण तो म्हणाला, ते टाकलं की लोक तेवढंच वाचतील, आणि कथा 2019 ची आहे, तेव्हा बाप कापूस वेचत होता.

संपादकांना कथा आवडली. भाड्याचं जरा जास्त झालंय म्हणाले, पण ठेवलं. ऑगस्टमध्ये चित्राचा नमुना आला. ओठ. नुसते ओठच म्हणा ना. पानभर माणूस, त्यात अर्धा चेहरा ओठांचा, डोळे पांढरेफटक, मागे भडकल दरवाजा. माझ्या पहिल्या पानावरचा अब्दुल कुणीतरी जसाच्या तसा काढला होता, आणि त्या चित्रकाराने तर माझं ते पान वाचलेलंही नव्हतं. मी फोन केला. "अहो, आफ्रिकन दिसायला नको का?" तिकडून प्रश्न आला. मी म्हटलं, दिसू दे, पण त्याचा फोटो पाठवते, तसा दिसू दे. वेळ नाही म्हणाले. आठ दिवस घासाघीस झाली. शेवटी माणूस गेला आणि त्याच्या जागी गच्चीवर ठेवलेला आरसा आणि केस कापायची मशीन आली, रिकामी खुर्ची. चित्र बरं आहे. माणूस नाही त्यात, ही खंत आहेच.

अंक आला तेव्हा मी आठ पानांचे फोटो काढून त्याला पाठवले. त्याने व्हिडिओ कॉल केला. पान मोठं करून विचारलं, इसमें मैं किधर हूं? मी 'इद्रिस' हा शब्द दाखवला. मग तो स्वतःच शोधत सुटला, प्रत्येक पानावर किती वेळा आलाय ते मोजलं. एका पानावर एकदाही नव्हता. ते कापसाचं पान निघालं, तिथे म्हातारा बोलतो.

"और बाईस महीने का?" तो म्हणाला.

"काय बावीस महिन्यांचं?"

"पंधरा सौ. बाईस महीने. तैंतीस हज़ार होते, आंटी."

मी हसले. तोही हसला, पण जरा थांबून. मग त्याने विचारलं, "पानी अब कित्ते दिन में आता?"

आठ, मी म्हटलं.

"हौला," तो म्हणाला.